राखण बंद आहे

वसईच्या कोर्टाच्या भिंतीला लागून पत्र्याखाली जी पाच-सहा टेबलं मांडलेली असतात, त्यांतलं कोपऱ्यातलं टेबल रुडॉल्फ तुस्कानोचं. प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र, वारसांचे अर्ज, भाडेकरार, जे लागेल ते तो टाइप करून द्यायचा. आधी बारा वर्षं टाइपरायटरवर, मग संगणकावर. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, हात अजून चपळ आणि स्वभाव नीटनेटका. वकिलाने घाईत काहीही खरडून दिलं तरी याच्याकडून कागद निघायचा तो समासासकट सरळ.

त्याच्या शेजारी फ्रान्सिस घोन्साल्विसचं झेरॉक्सचं मशीन. दोघे वीस वर्षं असे शेजारी की एकाच्या डब्यात काय आहे ते दुसऱ्याला डबा उघडायच्या आधी कळायचं.

कोर्टाबाहेर टाइपिंग करायचं म्हणजे दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह आपल्या संगणकात घालायचे. कोण कुठून काय घेऊन येईल याचा नेम नाही. एकदा दुसऱ्याच एका टायपिस्टचा संगणक असाच कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमुळे बसला, तेव्हा रुडॉल्फने धडा घेतला आणि ‘राखण’ नावाचा अँटिव्हायरस घेतला. नाशिकच्या एका छोट्या कंपनीने केलेला, आणि मुख्य म्हणजे मराठीत. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात त्याची एक बारकी ढाल दिसायची. पेन ड्राइव्ह घातला की राखण तो तपासायची, वेळ लावायची, पण पाच वर्षांत तिने एकदाही दगा दिला नव्हता. रुडॉल्फला तिच्याबद्दल जवळजवळ माया वाटायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी त्याने संगणक चालू केला आणि बघतो तो फायलींची नावं ओळखेनात. नेहमीच्या नावांपुढे कसलीतरी अक्षरं चिकटलेली. एक उघडली, तर आत नुसता चिन्हांचा चिखल. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच. आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजीत एक चिठ्ठी, की तुमच्या फायलींना आम्ही कुलूप लावलंय, किल्ली हवी असेल तर अमुक ठिकाणी पैसे पाठवा.

रुडॉल्फने आधी नकला तपासल्या. नकला ठेवायचा पेन ड्राइव्ह संगणकाला लावलेलाच होता; त्यावरच्या फायलींचीही तीच गत. नाताळात तो सगळ्या फायली एका डिस्कवर घेऊन घरी गेला होता, म्हणजे डिसेंबरपर्यंतचं काम वाचलं होतं. गेलं ते नंतरचं. आणि नंतरचं म्हणजे थेरेसाबायचं.

थेरेसाबाय डाबरे उमेळ्याची. वय शहात्तर. तिच्या वाडीत एक बावखल होतं, गोड्या पाण्याचं जुनं तळं, ज्यावर शेजारच्या चार वाड्यांची केळी आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या जगली होती. दिराच्या मुलांनी आपला हिस्सा इमारतीसाठी द्यायचं ठरवलं होतं, आणि इमारत व्हायची तर बावखल बुजवावं लागणार होतं. थेरेसाबायने विरोध केला, प्रकरण कोर्टात आलं. तिच्या वकीलबाईंनी सांगितलं, ‘तुम्हाला या बावखलाचं जे जे आठवतं ते आधी लिहून आणा, त्यावरून मी कैफियत तयार करते.’ थेरेसाबायला लिहिण्याचा कंटाळा. म्हणून जानेवारीपासून ती दर दोन-तीन दिवसांनी रिक्षाने यायची, रुडॉल्फच्या समोर स्टुलावर बसायची आणि सांगायची. बावखल कुणी खणलं, रहाट कुठे होता, कुठल्या वर्षी गावातल्या सगळ्या विहिरी खारावल्या पण हे पाणी गोड राहिलं, कुठल्या सुनेने तिथे पहिला कळसा भरला. एकतीस पानं झाली होती. अजून ती वकीलबाईंकडे गेली नव्हती, कारण थेरेसाबायला रोज काहीतरी नवीन आठवत होतं. कैफियत दाखल करायची शेवटची तारीख मंगळवारची होती.

फ्रान्सिस मशीन पुसत होता. रुडॉल्फचा चेहरा बघून तो उठून आला आणि त्याने चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, “रुडी, राखण बंद होती काय?”

“बंद कशाला असेल? मी कधी बंद करत नाही.”

“मी केली होती.”

रुडॉल्फने मान वर केली.

“सोमवारी,” फ्रान्सिस म्हणाला. “तू जेवायला गेला होतास. चांदीपचा एक माणूस आला, सातबाऱ्याची प्रिंट पाहिजे म्हणाला, आत पुकारा होत होता त्याचा. तुझ्या मशीनवर पेन ड्राइव्ह घातला, तर ती तपासत बसली. दहा मिनिटं झाली तरी सोडेना. तो बिचारा रडकुंडीला आला. मी त्या ढालीवर टिचकी मारली, तिथे ‘बंद करा’ होतं, केली बंद. पाच मिनिटांसाठी. मग विसरलो.”

“विसरलास?”

“तुला दिसेलच असं वाटलं मला.”

रुडॉल्फचा आवाज चढला. एरवी तो आवाज चढवणारा माणूस नव्हे, म्हणून आजूबाजूचे टायपिस्ट वळून बघायला लागले. “माझ्या मशीनला हात लावायचा, वर सांगायचंही नाही? त्या म्हातारीचा दीड महिना गेला, फ्रान्सिस! कुठल्या तोंडाने सांगू मी तिला?”

फ्रान्सिसने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू, जणू स्वतःची बाजू मांडायचीही लाज वाटतेय अशा आवाजात म्हणाला, “चूक माझीच. पण रुडी, ढाल लाल झाली होती रे. हिरवीची लालभडक. मंगळवारी, बुधवारी मी येता-जाता बघत होतो. मला वाटलं, तूच तशी ठेवलीयेस. चार दिवस तुझ्या नाकासमोर होती ती.”

रुडॉल्फने पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. ढाल त्याला रोज दिसायची तशीच दिसत होती. मातकट.

त्याने संगणक बंद केला, पिशवी उचलली आणि दुपार व्हायच्या आधीच घरी निघून गेला.

* * *

रुडॉल्फला लाल आणि हिरवा रंग वेगळे कळत नाहीत, हे वसईत कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःला ते एकविसाव्या वर्षी कळलं. रेल्वेच्या नोकरीसाठी लेखी परीक्षा पास झाला, आणि डॉक्टरी तपासणीत त्याच्यासमोर ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं धरली. त्यांत आकडे असतात म्हणे. त्याला ठिपकेच दिसले. डॉक्टरांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, “कोणाला सांगू नको. उद्या लग्न जमायचंय.” त्याने सांगितलं नाही. मग न सांगणं अंगवळणी पडलं. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं. कोर्टाचा हिरवा कागद हाताला जाड लागतो आणि डाव्या खणात असतो. आयुष्य असं जागा आणि स्पर्श धरून बिनबोभाट चाललं होतं.

प्रिस्का शाळेतून आली तेव्हा तो ओटीवर बसला होता. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. मुलांच्या चेहऱ्यावरून घरात काय झालं असेल ते ओळखण्याची तिला सवय. तिने पर्स ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. रुडॉल्फने फायलींचं सांगितलं, थेरेसाबायचं सांगितलं, फ्रान्सिसवर ओरडल्याचंही सांगितलं. मग थांबला.

“आणखी एक आहे,” तो म्हणाला. “तुला तीस वर्षं सांगितलं नाही. मला लाल आणि हिरवं...”

“ते माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“रंग. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू बाजारातून दोन किलो कच्चे टोमॅटो आणले होतेस आणि छान पिकलेत म्हणाला होतास.” प्रिस्का हसली नाही, पण तिचा आवाज हसत होता. “मग मी लक्ष ठेवलं. तू बोलत नव्हतास, म्हणून मीही काढलं नाही. तुझे सदरे कपाटात कोण लावतं असं वाटतं तुला? डावीकडचे कुठल्याही पँटवर चालतात. उजवीकडचे फक्त काळ्यावर.”

रुडॉल्फ तिच्याकडे बघत राहिला. कपाट असंच लावलेलं असतं, डावीकडचा सदरा पटकन घेता येतो, एवढंच त्याला माहीत होतं. कुणीतरी ते रोज त्याच्यासाठी लावत होतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि दोघे दिवेलागणीपर्यंत तसेच बसून राहिले.

“उद्या फ्रान्सिसला सांग,” उठताना प्रिस्का म्हणाली. “तो आज जेवला नसेल.”

* * *

शुक्रवारी तो टेबलाशी पोचला तेव्हा फ्रान्सिस आधीच आला होता. जमिनीवर मांडी घालून, समोर कागदांचा हा एवढा ढीग. रुडॉल्फने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “थांब, आधी हे बघ. मागच्या आठवड्यात थेरेसाबायने परदेशी निघालेल्या बहिणीला वाचायला द्यायला म्हणून माझ्या मशीनवर प्रिंट काढून घेतली होती, आठवतं? बहीण ती घेऊन गेलीसुद्धा. तेव्हा शाई संपत आली होती माझी. पानं अर्धवट उमटली म्हणून मी पुन्हा काढून दिली. ती बिघडलेली पाठकोऱ्या कागदांत टाकली होती. काल संध्याकाळपासून शोधतोय. बावीस पानं मिळालीत.”

पानं फिकट होती, काहींवर मधोमध पांढरा पट्टा होता, पण वाचता येत होती. थेरेसाबायचं बावखल, तिच्याच शब्दांत.

रुडॉल्फ तिथेच खाली, फ्रान्सिससमोर बसला. “फ्रान्सिस, काल मी तुला नको ते बोललो. मला ती लाल दिसलीच नव्हती. मला लाल आणि हिरव्यातला फरकच कळत नाही. पहिल्यापासून.”

फ्रान्सिसने हातातली पानं खाली ठेवली. “वीस वर्षं माझ्या शेजारी बसतोस,” तो म्हणाला, “आणि हे आज सांगतोस?” मग जरा विचार करून, “म्हणजे तुझ्या डब्यातली मिरची हिरवी की लाल ते तुला...”

“तोंडात टाकल्यावर कळतं.”

फ्रान्सिस हसायला लागला. मग रुडॉल्फही हसला, आणि कालपासून छातीवर बसलेला धोंडा कुठल्या कुठे गेला.

थेरेसाबाय अकराला आली. तिला सगळं खरं सांगितलं, दोघांनी, आपापल्या वाट्याचं. ती रागावेल म्हणून दोघेही मान खाली घालून उभे होते. तिने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, “बावीस पानं आहेत ना? मग नऊच सांगायची राहिली. बस, लिही. परवाच्याला मला रहाटाच्या बैलाचं नाव आठवलंय, तेपण घालू.”

त्या दिवशी आणि शनिवारी त्यांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. फ्रान्सिसने शेजारच्या टायपिस्टचा संगणक मागून आणला, स्वतःचं मशीन बंद ठेवून फिकट पानं उजेडाकडे धरून मोठ्याने वाचत राहिला. रुडॉल्फची बोटं चालत राहिली, आणि मध्येमध्ये थेरेसाबाय दुरुस्त करायची, “नाय नाय, ते माझ्या सासूच्या सासूचं.” शनिवारी संध्याकाळी तेहतीस पानं झाली, पहिल्यापेक्षा दोन जास्त. सोमवारी वकीलबाईंनी त्यावरून कैफियत केली, मंगळवारी ती दाखल झाली. वकीलबाई बाहेर येऊन रुडॉल्फला म्हणाल्या, “असा तपशील मला कुठल्याच अशिलाने आजवर दिला नाही.” थेरेसाबायने रुडॉल्फच्या आणि फ्रान्सिसच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला आणि रिक्षात बसून गेली.

* * *

पुढच्या आठवड्यात संगणक पुसून, नव्याने सगळं घालून झाल्यावर रुडॉल्फ राखण करणाऱ्या कंपनीला पत्र लिहायला बसला. रागाचं पत्र गुरुवारीच त्याच्या डोक्यात तयार झालं होतं, पण आता ते लिहावंसं वाटेना. पाच वर्षं जिने इमानाने काम केलं, तिच्याबद्दल तक्रार करायची तर नीट करावी. आणि नीट लिहिणं त्याला एकाच तऱ्हेने येत होतं. त्याने ते प्रतिज्ञापत्रासारखं लिहिलं.

‘मी, रुडॉल्फ तुस्कानो, वय वर्षे ५८, धंदा टंकलेखन, राहणार वसई, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, मला लाल व हिरवा हे रंग भिन्न दिसत नाहीत. ही गोष्ट मी आजवर लपवून ठेवली, सबब झालेल्या नुकसानीत माझाही वाटा आहे.’ इतकं लिहून तो थांबला. ते वाक्य पडद्यावर कसं दिसतं ते त्याने दोनदा वाचलं. मग पुढे लिहीत गेला. सिग्नलचे दिवे मला कळतात, कारण त्यांना जागा आहे. तुमच्या ढालीला ना वेगळी जागा, ना वेगळा आकार. बंद झाली की ती मोडलेली दिसली पाहिजे. तिच्याखाली अक्षरं हवीत, आणि तीही माणसं बोलतात तशी. ‘वास्तविक-वेळ संरक्षण अकार्यक्षम स्थितीत आहे’ असं तुम्ही लिहिता. कोर्टात तीस वर्षं काढलेल्या मलाही ते दोनदा वाचावं लागतं. बंद करताना तुम्ही विचारता, ‘आपण संरक्षण अक्षम करू इच्छित नाही काय?’ आणि खाली होय आणि नाही. यात होय म्हणजे काय, हे माझे मित्र फ्रान्सिस आणि मी, आम्हां दोघांनाही आजवर ठरवता आलेलं नाही.

मग मुख्य मुद्दा. राखणीने आधी स्वतःला राखावं. कुणीही येऊन एका टिचकीत तिला घरी पाठवू शकतो, आणि पुन्हा बोलावेपर्यंत ती येत नाही. संगणक तीन वेळा बंद-चालू झाला तरी नाही. मालकाचा सांकेतिक शब्द विचारल्याशिवाय तिने जाऊ नये. गेली तरी पंधरा मिनिटांत आपण होऊन परत यावं. आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याने मला दाखवलं की व्हायरसने आत शिरल्यावर आधी राखणीच्याच कामाच्या फायली पुसल्या होत्या, नुसती ढाल तेवढी उरली होती. म्हणजे तिच्या घराला दारच नव्हतं. दुसऱ्या प्रोग्रामने हात लावला तर तिने तो हात धरला पाहिजे.

शेवटी त्याने लिहिलं, ‘पाच वर्षांत आपल्या राखणीने माझ्या अशिलांचे अगणित कागद वाचवले, त्याबद्दल मी ऋणी आहे. म्हणूनच हे लिहिण्याची तसदी घेतली.’ सही करून फ्रान्सिसकडून झेरॉक्स काढली, मूळ प्रत स्पीड पोस्टाने पाठवली. त्यांचा ईमेल पत्ता होता, पण प्रतिज्ञापत्र ईमेलने पाठवणं त्याला बरं वाटेना.

उत्तराची त्याने वाट पाहिली नाही. बाराव्या दिवशी फोन वाजला.

“तुस्कानो सर? मी अक्षया वर्तक बोलतेय, राखण टीममधून. तुमचं पत्र माझ्यासमोर आहे.”

“नमस्कार मॅडम. काही चुकीचं लिहिलं असेल तर...”

“सर, आमच्या ऑफिसमध्ये ते भिंतीवर लावलंय. तुम्ही उद्या कोर्टात आहात का? कंपनी नाशिकची असली तरी मी काम घरून करते, आगाशीहून. तुम्ही कसं वापरता ते मला शेजारी बसून बघायचंय.”

अक्षया दुसऱ्या दिवशी आली. तिशीच्या आतली, पाठीवर लॅपटॉपची बॅग. थेरेसाबायच्या स्टुलावर बसून ती दुपारपर्यंत नुसती बघत राहिली आणि वहीत काहीतरी टिपत राहिली. लोक पेन ड्राइव्ह देतात, पाठीमागून घाई करतात, तपासणी चालू असताना ‘किती वेळ?’ विचारतात आणि राखण त्याचं उत्तरच देत नाही. तिने फ्रान्सिसलाही सगळं विचारलं. फ्रान्सिस आधी बिचकत होता. ती म्हणाली, “काका, चूक तुमची नव्हती. घाईतला माणूस काय करेल याचा विचार आम्ही करायला हवा होता. आम्ही फक्त चोरांचा केला.”

फ्रान्सिसने मान वळवून उगाच मशीनचं झाकण उघडून पाहिलं. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याला असं म्हणायची त्याला किती गरज होती, ते रुडॉल्फला तेव्हा दिसलं, आणि हे आपण आधी म्हणायला हवं होतं असं वाटून गेलं.

जेवणानंतर अक्षयाने लॅपटॉप उघडला. “हे अजून कच्चं आहे. बघा.” पडद्यावर ढाल होती. तिने राखण बंद केली आणि ढाल मधोमध तडकली, दोन तुकडे एकमेकांपासून दूर सरकले, शेजारी कोरी पट्टी उमटली. रुडॉल्फ पुढे वाकला. रंग कुठला होता कुणास ठाऊक. ढाल तुटली होती, आणि ते त्याला हातभर अंतरावरून दिसत होतं.

“दिसतंय,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, “दिसतंय मला.”

“पट्टीवर काय लिहू? तुम्हीच सांगा.”

रुडॉल्फने थोडा विचार केला. “राखण बंद आहे. संगणक उघडा आहे.”

अक्षयाने ते तसंच टाइप केलं. मग फ्रान्सिसकडे वळून म्हणाली, “काका, आता तुम्ही ही बंद करून दाखवा. वाट्टेल ते करा.”

फ्रान्सिसने बाह्या सरसावल्या. टिचकी मारली, तर तिने सांकेतिक शब्द मागितला. तिचा फोल्डर शोधून पुसायला गेला, तर ‘हे राखणीचं घर आहे, हात लावता येणार नाही’ असं उत्तर आलं. चालू प्रोग्रामांच्या यादीत जाऊन तिला जबरदस्तीने संपवलं, तर ती एक क्षण गेली आणि परत येऊन बसली. दोन वकील आणि त्यांचे अशील भोवती उभे राहून मजा बघायला लागले. शेवटी फ्रान्सिसने कपाळावरचा घाम पुसला. “आता वायर उपटणं एवढंच राहिलं.”

“ती उपटली तरी चालू झाल्यावर आधी हीच उठेल,” अक्षया म्हणाली.

निघताना तिने रुडॉल्फला विचारलं, “सर, शंभरातल्या काही पुरुषांना तरी हा त्रास असतो. आमच्या ऑफिसात अकरा जण, कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाच वर्षांत कुणी कळवलंही नाही. तुम्हाला कळवावंसं का वाटलं?”

खरं उत्तर मोठं होतं. रुडॉल्फ म्हणाला, “माझ्या बायकोला ते आधीपासून माहीत होतं, आणि या माणसाने मी ओरडलो तरी न रागावता कागद शोधले. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.”

* * *

एप्रिलच्या शेवटी राखणीची नवी आवृत्ती आली. कंपनीने रुडॉल्फला ती जन्मभर फुकट द्यायचं कळवलं. त्याने आभार मानले आणि एक विनंती केली. आवृत्तीच्या माहितीत शेवटी आभाराचं एक पान असतं, त्यावर त्याचं नाव घालणार होते. तिथे एक नाही, दोन नावं घालावीत. तशी ती आली. फ्रान्सिसने स्वतःचं नाव पडद्यावर तीन वेळा वाचलं. घोन्साल्विसमधला ‘ल्वि’ बरोबर लिहिलाय का तेही तपासलं, आणि कोर्टाच्या शिपायापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मे महिन्यात थेरेसाबायचा निरोप आला, की रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सगळ्यांनी उमेळ्याला जेवायला यायचं. दाव्याचा निकाल लागायला अजून बरीच वर्षं होती, पण कोर्टाने तोवर बावखलाला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, आणि तिला तेवढ्यावर सण करायचा होता. रुडॉल्फ आणि प्रिस्का गेले, फ्रान्सिस त्याच्या बायकोला, अँजेलाला घेऊन आला, आगाशीहून अक्षयाही स्कूटरवर आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या होत्या. एका गल्लीतून आत वळलं, आणि एकदम केळींची सावली. पलीकडे बावखल, कडेने दगड बांधलेलं, पाण्यावर वाऱ्याच्या बारीक रेघा. ज्याची पानंच्या पानं त्याने दोनदा टाइप केली होती, ते रुडॉल्फ पहिल्यांदाच बघत होता. थेरेसाबाय त्याला हाताला धरून काठाकाठाने फिरवत होती. इथे रहाट होता, इथे बैल बांधायचे, हा त्या सुनेचा दगड. त्याला सगळं ओळखीचं वाटत होतं.

काठावर जामाचं झाड घंटेच्या आकाराच्या पाणीदार फळांनी लगडलं होतं. थेरेसाबाय सवयीने म्हणाली, “काढ ना, घरचेच आहेत. लाल लाल बघून काढ.”

लहानपणापासून अशा वेळी रुडॉल्फ म्हणायचा, ‘नको, मला आवडत नाहीत.’ आवडायचे खरं तर फार. आज त्याने फांदी खाली ओढली, त्या सारख्याच दिसणाऱ्या फळांकडे पाहिलं आणि मोकळ्या आवाजात विचारलं, “थेरेसाबाय, यातले पिकलेले कुठले? मला दिसत नाही ते.”

“हे, आणि तो वरचा,” थेरेसाबाय म्हणाली, “आणि तो पानाआडचा.” एकेक तोडून ती त्याच्या ओंजळीत टाकत गेली. त्याने एक पुसून खाल्ला. पाण्याने भरलेला, गार, गोड. मग बाकीचे घेऊन तो केळींखाली जमलेल्या मंडळींकडे वाटायला निघाला.